साबिराची बोट आणि जशुभाईंची आगगाडी

चि. नील आणि चि. इरा,

सुरतेला कशाला जाता, असं मला पुण्यात ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांनी उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगून टाकलं, "साड्या आणायला ना?" मी एका लेखिकेला भेटायला चालले होते. हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडत. लेखिका उर्दूत लिहिते म्हटल्यावर आणखी पडत. आणि ती सुरतेतच राहते म्हटल्यावर, बाई वयाने थोड्या हलल्यात, अशा नजरेने बघत. उर्दू लेखकाने लखनौला राहावं, दिल्लीला राहावं, अगदीच जमलं नाही तर लाहोरला जावं. सुरतेत राहून त्याने काय जॉर्जेटवर कथा लिहायच्या?

तर ही लेखिका म्हणजे साबिरा. देश स्वतंत्र होण्याआधी मुंबईला कॉलेजात असताना आम्ही दोघी हॉस्टेलच्या एका खोलीत राहत होतो. मी माझी अर्धी खोली झाडायची आणि तिची अर्धी ती तशीच ठेवायची. पुढे मी इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, ती मुलींच्या उर्दू शाळेची हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाली. लग्न तिने केलं नाही. कथा लिहिल्या. त्यातली एकही मी कधी वाचलेली नव्हती, कारण मला ती लिपी येत नाही. रांदेरला तिच्या भाच्याच्या मुली राहतात, त्यांनाही येत नाही. त्या गुजराती शाळेत जातात.

स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं वर्ष चालू होतं आणि अचानक सगळ्यांना फाळणीची आठवण झाली होती. सुरतेच्या एका कापड-शेठजींनाही झाली. साबिराच्या निवडक कथा नागरी लिपीत, स्वखर्चाने, समारंभपूर्वक छापायचं त्यांनी ठरवलं. साबिराने मला फोन केला. "इंदू, ये. स्टेजवर मला शाल घालतील तेव्हा समोर एक तरी माणूस असं हवं की जे मला हसेल."

एवढं प्रेमाचं आमंत्रण कोण नाकारणार?

सुरत स्टेशन

रिक्षावाल्याने मला बसवलं आणि सगळ्यात आधी कचरा दाखवला. म्हणजे नसलेला कचरा. "माजी, यहाँ पहले इतना ढेर था," म्हणून त्याने दोन्ही हात वर केले. रिक्षा तेवढा वेळ आपली आपण चालली. प्लेगच्या भीतीने निम्मं शहर पळालं होतं, त्याला काही वर्षं झाली. तेव्हापासून सुरत झाडूनपुसून लख्ख झाली आहे आणि ते कोणी विसरू नये याची काळजी प्रत्येक सुरतकर जातीने घेतो. आपल्याकडे पाहुण्याला पर्वती दाखवतात, तशी इथे पानाने न रंगलेली भिंत दाखवतात. तापीच्या पुलावर त्याने मान बाहेर काढून पानाची लांब पिचकारी मारली. मी बघतेय हे पाहून म्हणाला, "दीवार पे नहीं मारा ना?"

कोसाड

साबिरा राहते ते कोसाड अमरोलीच्या पुढे आहे. सरकारी वसाहत, एकासारख्या एक चाळी. तिसऱ्या चाळीपर्यंत मीही चुकले. वस्ती बहुतेक खानदेशातून आलेल्या हिंदू कुटुंबांची. पुरुष लूमवर जातात. लूमचा आवाज त्यांच्या कानांत इतका बसलेला असतो की घरी आल्यावरही ते ओरडूनच मीठ मागतात. बायका ओट्यावर बसून साड्यांना टिकल्या चिकटवतात.

साबिरा जिन्यातच उभी होती.

"इंदू, तू म्हातारी झालीस गं."

"आणि तू?"

"मी पहिल्यापासूनच होते. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं."

मी तिला मिठी मारायला पुढे झाले आणि माझ्या खांद्यावरचा थर्मास जिन्यावर आपटून फुटला. पुण्याहून उकळून आणलेलं पाणी पायऱ्यांवरून वाहत ओट्यापर्यंत गेलं. त्या दिवसापासून मी कोसाडच्या नळाचं पाणी प्यायले आणि मला काहीही झालं नाही. मला याचा थोडा रागच आला.

ओट्यावरच्या बायकांनी साड्या वर उचलून धरल्या. त्यांच्यातली एक, सुमन, कपाळावर चिकटलेली टिकली काढत मला न्याहाळत म्हणाली, "ह्या कोन शेतस वं आपा?"

"मनी मैतरीन शे," साबिरा म्हणाली.

उर्दूची लेखिका अहिराणी बोलताना मी प्रथमच ऐकली. साबिराचं मराठी कॉलेजात माझ्याकडून सुरू झालं आणि कोसाडात या बायकांनी पुरं केलं. त्यामुळे त्यात माझं शुद्धलेखन कुठेही शिल्लक नाही.

"मंग त्यासले बी टिकल्या लावाले बसाड," सुमन म्हणाली.

आणि मला बसवलं. पहिल्या साडीवरच्या माझ्या टिकल्या इतक्या सरळ रेषेत लागल्या की सुमनने त्या नखाने काढून पुन्हा विखरून लावल्या.

संध्याकाळी, उजेड असेपर्यंत, साबिरा ओट्यावर खुर्ची टाकून गोष्ट सांगते. हा तिचा रोजचा नेम. ती दोन-चार वाक्यं बोलते आणि थांबते. मग बायकांपैकी कोणीतरी "हं" म्हणतं, किंवा "मंग काय व्हयनं?" म्हणतं, आणि ती पुढे जाते. हा हुंकारा. तुमच्या बाबाला लहानपणी मी शिकवला होता. तुम्हाला टीव्हीने गोष्टी सांगितल्या आणि टीव्ही कोणाच्या हुंकाऱ्यासाठी थांबत नाही, म्हणून तुम्हाला समजावून सांगावं लागतंय. हुंकारा आला नाही तर गोष्ट सांगणाऱ्याने तिथेच थांबायचं असतं. समोरचा झोपला, उठून गेला किंवा त्याचा विश्वास उडाला, यांपैकी काहीतरी झालं असं समजायचं.

हुंकारा देणाऱ्याचे हक्कही मोठे. त्या संध्याकाळी गोष्ट एका बोटीची होती आणि बोटीत एक बकरी होती. मी नंतर विचारलं, "ही बकरी कुठून आली?"

"माझ्याकडे नव्हती," साबिरा म्हणाली. "सुमनची तिकडे गावी बकरी आहे. सुमनला तिच्याशिवाय करमत नाही. म्हणून तिने बोटीत चढवली. आता उतरवता येत नाही."

पोंक आणि चरित्र

सुरतेला थंडीत जावं ते पोंकासाठी. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. पण आपण हुरडा खायला शेतावर जातो, आगटीच्या धुराने डोळे चोळतो आणि पुढे वर्षभर त्याचं वर्णन करतो. सुरतकर रस्त्याच्या कडेला उभा राहून, लिंबू-मिऱ्याची शेव घालून, पाच मिनिटांत खाऊन मोकळा होतो आणि पुन्हा दुकानात जाऊन बसतो. कविता मात्र आपल्याकडेच जास्त झाल्या.

साबिरा पोंक खाता खाता स्वतःचं चरित्र सांगत होती. मी मुद्दाम विचारलं होतं, कारण समारंभात तिच्याविषयी दोन शब्द मला बोलायचे होते.

रांदेरला तिच्या वडिलांचं जरीचं दुकान. आजी सुरती गुजरातीत गोष्टी सांगायची. दुकानातल्या मुनीमजींकडे दास्तानांचे, म्हणजे जुन्या उर्दू अद्भुतकथांचे, फाटके खंड होते, ते साबिराने चोरून वाचले. पुढे कॉलेजात लायब्ररीतून मी तिला रशियन कथा आणून दिल्या. "त्या रशियनांनी मला बिघडवलं," ती म्हणाली. "आमच्या दास्तानांत पानापानावर मुंडकी उडायची. रशियनांकडे कोणी मरत नाही, नुसता चहा गार होतो. मला तेच जास्त भयंकर वाटलं."

साबिराच्या धाकट्या बहिणीचं नाव रुकय्या. आजीच्या गोष्टींना घरात हुंकारा द्यायचं काम रुकय्याचं. आजी गेल्यावर साबिरा गोष्टी सांगू लागली आणि हुंकारा रुकय्याकडेच राहिला. फाळणीनंतरच्या वर्षी रुकय्याचं लग्न एका कारकुनाशी झालं. त्याला कराचीत बढती मिळत होती. रुकय्याही गेली.

"मग गोष्ट सांगायची कोणाला? म्हणून लिहायला लागले. फाळणीने माझं एवढंच केलं, इंदू. तोपर्यंत मी नुसती बडबडी होते."

पहिली कथा तिने रुकय्या ज्या बोटीने गेली त्या बोटीबद्दलच लिहिली. नाव 'अचार', म्हणजे लोणचं. दिल्लीच्या एका संपादकांनी ती परत पाठवली. निरोप एका ओळीचा होता: यात प्रेतं कुठे आहेत? ते दिवसच तसे होते. ज्याच्याकडे प्रेत नाही त्याला उर्दू मासिकात कोणी बसायला पाट देत नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांनी फॅशन बदलली. आता कथेत गोष्ट असणं हाच गुन्हा झाला. तेव्हा साबिरा एकदम मोठी लेखिका झाली, कारण तिच्या लिखाणात दर चार ओळींनंतर एक ओळ कोरी असते. एका समीक्षकाने त्या कोऱ्या ओळींवर लांबलचक लेख लिहिला आणि त्यांना 'अस्तित्वाचा सन्नाटा' म्हटलं. ती जागा हुंकाऱ्यासाठी सोडलेली आहे, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

"तू का नाही सांगितलंस?"

"घरी जेवायला आला होता गं. पाहुण्याचा सन्नाटा कशाला मोडायचा?"

मग तीही फॅशन गेली. मासिकं बंद पडली. ब्याण्णवच्या दंगलीत ती काही महिने रांदेरला भाच्याकडे जाऊन राहिली आणि परत आली. शेजाऱ्यांनी हिला कसं वाचवलं हे विचारायला एक पत्रकार कोसाडला आला होता. सुमनने त्याला सांगितलं, "वाचाडतंय कोन? त्या ते गावले जायेल व्हत्या." परत का आलात, असं त्याने साबिराला विचारलं. ती म्हणाली, "भाच्याकडे टीव्ही फार मोठ्याने लावतात." ही मुलाखत छापून आली नाही.

पलसाणा

दुसऱ्या दिवशी शेठजींनी गाडी पाठवली. या शेठजींची, म्हणजे जशुभाईंची, कापड रंगवायची मिल पलसाण्याला, हायवेवर आहे. मिलच्या मागच्या नाल्यावरून बाजारात सध्या कोणता रंग चालतो ते समजतं. त्या दिवशी राणी कलर चालू होता.

जशुभाई माणूस अत्यंत अगत्याचा. पांढरी सफारी, कपाळावर केशरी टिळा, गाडीत गझलांच्या कॅसेटी. मी पुण्याची कळताच म्हणाले, "महाराष्ट्रवाळा आव्या! तिजोरी बंद करो!" आमच्याकडच्यांनी सुरत दोनदा लुटली, हा विनोद तिथे अजून ताजा आहे. तासाभरात तो तिसऱ्यांदा झाल्यावर, तेव्हा आपलं काही राहून गेलं का, असं मला वाटू लागलं.

चहा, खमण आणि घारी ही सुरती मिठाई पुढ्यात ठेवून ते मुद्द्यावर आले. पुस्तकातली मुख्य कथा 'अचार'. समारंभात आपांनी तीच सांगायची. कोणीतरी त्यांना वाचून दाखवली होती आणि त्यांना ती मनापासून आवडली होती.

"बस, एक छोटी सी बात. बोट नहीं चलेगी."

"का?" साबिराने विचारलं.

"आपा, फाळणी एटले ट्रेन. सबने टीवी पे देखा है."

"पण आमची माणसं बोटीनेच गेली. मुंबईच्या धक्क्यावरून कराचीला. मी स्वतः सोडायला गेले होते."

"ए तो बराबर. पण हॉलमां बैठा आदमी बोट सुनेगा तो उसको क्या याद आएगा? पिकनिक! ट्रेन बोलो तो तरत रोना आता है." मग त्यांनी खणातून एक चकचकीत कागद काढला. पुस्तकाचं कव्हर. काळी आगगाडी, काटेरी तार आणि एका डोळ्यातून ओघळणारा भलामोठा थेंब. "अने कव्हर तो छपाई गयुं छे."

आणखी एक छोटी गोष्ट होती. कथेच्या शेवटी धाकटी बहीण काहीतरी किरकोळ बोलते, त्याऐवजी तिने 'वतन' म्हणावं.

मी साबिराकडे बघितलं. हॉस्टेलमध्ये आमटीला मीठ कमी पडलं म्हणून जिने वॉर्डनला लेखी निषेध दिला होता, त्या बाईने कव्हर उचलून उलटसुलट बघितलं. मग म्हणाली, "ठीक छे. ट्रेन."

माझ्या घशात घारी अडकली. जशुभाईंनी स्वतः उठून पाणी दिलं.

परतीच्या गाडीत मी तिला फाडून खाल्लं. "लाज नाही वाटत? आयुष्यभर त्या संपादकांना प्रेतं दिली नाहीस आणि आता याला आगगाडी देतेस?"

"तेव्हा मी पंचविशीची होते. वाटायचं, आज नाही तर उद्या कोणीतरी वाचेल." ती खिडकीबाहेर बघत होती. "आता सत्तरी उलटली. माझ्या शाळेच्या मुली कथा वाचत नाहीत; माझं लिखाण वाचणारे या शहरात एक मौलवीसाहेब उरलेत. त्यांना मोतीबिंदू आहे. या कथा नागरीत आल्या तर माझ्या भाच्याच्या मुली वाचतील, तू वाचशील. नाही आल्या तर माझ्याबरोबर जातील. ऐकायला कोणीच उरणार नसेल, तर बोट काय आणि आगगाडी काय?"

तरीही मी घर येईपर्यंत बोलत राहिले, ती आपली सवय.

सभागृह

स्टेजवर थर्माकोलचं इंजिन होतं. पुरुषभर उंच, काळं, आणि धुरासाठी कापूस लावलेला. खुर्च्या भराव्यात म्हणून जशुभाईंनी कोसाडहून सुमन आणि ओट्यावरच्या सगळ्या बायकांना टेंपोने आणवलं होतं. नाश्त्याची पाकिटं कार्यक्रम झाल्यावर, असं सांगून त्यांना शेवटच्या रांगांत बसवलं. पुढे व्यापारी मंडळी, त्यांच्या पत्नी आणि मुख्य पाहुणे, एक निवृत्त साहेब. साहेबांनी आल्याबरोबर घडीचा रुमाल काढून मांडीवर तयार ठेवला.

दीपप्रज्वलन झालं. माझे दोन शब्द झाले. शाल, श्रीफळ आणि जशुभाईंच्या मिलची राणी कलरची साडी झाली. मी ठरल्याप्रमाणे हसले. मग साबिरा माइकसमोर बसली. कागद नव्हता. कागद तिला कधीच लागत नाही. सगळ्यांना समजेल अशा साध्या हिंदीत तिने सुरुवात केली. ती मी तुम्हाला मराठीत सांगते.

"रुकय्या आगगाडीत बसली होती. मांडीवर तिच्या अम्मीने दिलेली लोणच्याची बरणी होती. नवरा म्हणत होता, तिकडे नवा देश आहे, लोणचंही तिकडे नवं मिळेल."

आणि ती थांबली.

सूत्रसंचालन करणारा तरुण धावत माइकपाशी आला. "आपा भावुक हो गई हैं! यही है वो दर्द, जिसको पचास साल हुए!" कोणीतरी पाण्याचा ग्लास आणला. टाळ्या पडल्या. साहेबांनी रुमाल डोळ्यांना लावला. साबिरा ग्लासकडे, मग त्या मुलाकडे बघत राहिली. बिचारी हुंकाऱ्यासाठी थांबली होती.

तिने पुन्हा धीर केला. "अम्मी म्हणाली, मिळेल हो, पण गोड नसेल. गार्डाने शिट्टी दिली."

पुन्हा थांबली. सूत्रसंचालक पुन्हा उठणार, एवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"गार्ड कोठून उना वं आपा? बोट व्हती ना!"

सगळ्या माना मागे वळल्या. सुमन उभी होती.

"आनि बकरी?" तिच्या शेजारची म्हणाली. "बकरी कोठे गई?"

बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता तिकडे धावला. "मासी, चूप, चूप!"

"चूप काय?" सुमन त्याच्यावर उसळली. "मंग हुंकारा कोन देई, तू?"

साबिराने वळून थर्माकोलच्या इंजिनाकडे बघितलं. पहिल्या रांगेतल्या जशुभाईंकडे बघितलं. ते दोन्ही हातांनी 'चालू ठेवा' अशा खुणा करत होते. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी मोठ्याने "हं" म्हटलं. चाळीस वर्षं वर्गात बोलून कमावलेला आवाज आहे, शेवटपर्यंत पोचला.

"चुकलेच गं," साबिरा म्हणाली. "आगगाडी नव्हती. बोट होती."

"हं!" शेवटच्या रांगा एका सुरात म्हणाल्या.

मग जी गोष्ट झाली ती तशी मी परत ऐकणार नाही. बोट अजून धक्क्यालाच बांधलेली असताना सगळ्यात आधी रुकय्याच्या नवऱ्याला मळमळू लागलं. नव्या राष्ट्राच्या उभारणीवर तो शेजाऱ्यांना व्याख्यान देत होता. ते मध्येच सोडून त्याने तोंड पुसायला बरणीवरचं फडकं मागितलं. सासूबाईंना वाटलं जावयाला लोणचं हवंय. त्याला वाटलं सासूबाई थट्टा करताहेत. पहिलं भांडण स्वदेशातच झालं. तेवढ्यात बकरी चढली. हुंकारे आता मधल्या रांगांतूनही येऊ लागले. एका व्यापाऱ्याच्या पत्नीने "पछी?" म्हणून पुढचं विचारलं आणि नवऱ्याकडे बघून तोंडावर पदर घेतला. साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. भावुकतेचा ग्लास शेवटी त्यांच्या कामाला आला.

"शिडी काढली," साबिरा म्हणाली. "धक्क्यावर जो तो ओरडून काहीतरी मोठं बोलत होता. खुदा हाफिज, वतन, परत भेटू. मलाही मोठं काहीतरी ओरडायचं होतं. मी थोरली, गोष्टी सांगणारी. सगळी पुस्तकं आठवली. आणि तोंडातून आलं, 'रुकय्या, बरणी उभी धर!'"

हशा झाला. साबिराने तो संपू दिला.

"बोट सुटली होती. तिचा चेहराही नीट दिसत नव्हता. पण तिने ऐकलं. वरून म्हणाली, 'हं.'"

गोष्ट तिथेच संपते. हॉलमध्ये कोणीही हुंकारा दिला नाही, कारण तो देऊन झाला होता. साहेबांनी रुमाल केव्हाच खिशात ठेवला होता. तो त्यांना घाईने परत काढावा लागला.

स्टेजमागे जशुभाईंनी आम्हाला घारीचा डबा दिला. रागावलेले मुळीच नव्हते. "आपा, बहु मजा आवी. पण पुस्तकमां ट्रेन राखीशुं. कव्हर..."

"मग माझं नाव काढा," साबिरा म्हणाली.

जशुभाईंनी एक क्षणच विचार केला. "वांधो नथी. मारां वाइफ बी लखे छे."

म्हणजे आता पुस्तक बायकोचं! मला वाटलं आता ही कोसळणार. ती कोसळलीच, पण हसून. थर्माकोलच्या इंजिनाला धरून हसली, त्याचं एक चाक निखळलं. मग डोळे पुसून तिने हात पुढे केला आणि आपली कथांची फाइल परत मागितली. त्यांनी सभ्यपणे दिली, वर निरोपाचा नमस्कारही केला. "कांई नहीं, आपा. आजादीनां पन्नास तो थई गयां. पंचोतेर थाय त्यारे पाछा मळीशुं."

पुन्हा कोसाड

परतताना आम्ही टेंपोतूनच गेलो. साबिरा फाइल मांडीवर घेऊन बसली होती. पुस्तक गेलं होतं, ते तिला आता कळत होतं. सुमन नाश्त्याचं पाकीट उघडून म्हणाली, "आपा, उद्या ती विहिरनी गोठ सांग." साबिराने तिच्याकडे असं बघितलं, जसं कोणी मागच्या दाराने येऊन घरात बसलेलं असावं आणि आपण मात्र पुढच्या दारात वाट बघत उभं असावं.

मला तुम्ही ओळखता. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गाडीने घरी येते. मी दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जाऊन तिकीट रद्द केलं. खिडकीतल्या माणसाने कारण विचारलं. "गोष्ट राहिलीय," म्हटलं. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून पुढे काही विचारलं नाही.

मग रोज संध्याकाळी साबिरा ओट्यावर सांगायची, बायका हुंकारे द्यायच्या आणि मी मराठीत उतरून घ्यायची. सकाळी मी सगळं नीट मांडून तिला वाचून दाखवायची. पहिल्याच सकाळी भांडण झालं. 'अचार'मधली बकरी मी काढून टाकली होती.

"बकरी कुठे आहे?" साबिरा म्हणाली.

"तूच म्हणालीस, ती तुझी नाही. खोटी आहे."

"वा! जशुभाईंनी आगगाडी घातली, तू बकरी काढलीस. दोघंही टापटिपीचे."

"आगगाडी आणि बकरी सारखी कशी? दोन्ही नव्हत्याच ना?"

"बोट माझी. बकरी ऐकणाऱ्यांची. आगगाडी कोणाची होती?"

मी जरा विचार केला. "कव्हरची."

"मग घाल ती बकरी परत आणि चहा टाक."

घातली. नंतरच्या दोन कथांतही ती आली. सुमनने आणली आणि मी मुकाट्याने लिहून घेतली. एका कथेत तर ती मेली. त्या संध्याकाळी सुमनने हुंकारा देणं बंद केलं आणि साबिराला बकरी जिवंत करावी लागली.

सगळ्या कथा या पाकिटात आहेत. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे पत्रही बाबाच वाचून दाखवत असणार. याबद्दल तुमच्या बाबाला काय वाटतं हे मी त्याला विचारणं सोडून दिलं आहे. तेव्हा त्याने रोज एक मोठ्याने वाचायची, तुम्ही ऐकायची. दर चार ओळींनंतर एक ओळ त्याला कोरी दिसेल. ती चुकून सुटलेली नाही, मी इतकी गबाळी नाही. तिथे तो थांबेल आणि तुमच्यापैकी एकाने तोंडाने "हं" म्हणायचं. मान हलवलेली चालणार नाही. लवकर संपवायचं म्हणून त्याने बकरी गाळली, तर उभं राहून मोठ्याने विचारायचं. आणि तुम्ही गप्प बसलात तर गोष्ट कितीही रंगलेली असो, त्याने तिथेच कागद मिटून ठेवावेत आणि तुमच्या घरात अस्तित्वाचा सन्नाटा पसरला आहे असं मला कळवावं.

तुमची,
आजी